तिसऱ्या राजाकडून चित्रनिवड समितीस

मा. अध्यक्ष, आदरणीय फादर, सिस्टर आणि समितीच्या सर्व सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

धर्मशिक्षणाच्या वर्गांतली चित्रे बदलणाऱ्या आपल्या परिपत्रकाबद्दल हे पत्र आहे. शीर्षकातला तिसरा राजा म्हणजे मी. लहानपणी नाताळच्या नाटकात सलग सात वर्षे मी तिसरा राजा झाले. येशूची आई मरिया हिची निवड व्हायला पाच मिनिटेही लागत नसत. वर्गात सगळ्यांत गोरी ती मरिया, तिच्याखालोखाल गोरी ती गाब्रिएल देवदूत, मग उरलेल्यांतून मेंढपाळ, शिपाई आणि गाढव. बाळ येशूला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपैकी एक काळा असतो हे सगळ्यांना ठाऊक होते. मला रंग फासावा लागत नसे, तेवढीच काजळाची बचत. एका वर्षी धीर करून विचारले, मला मरिया का नाही करत? बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवले आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, ती दिसते कशी ते बघ ना."

मी बघितले. निळे डोळे, गुलाबी गाल, ओढणीखालून डोकावणारे सोनेरी केस. वाद मिटला.

त्या बाई वाईट नव्हत्या. निवड त्यांनी केलीच नव्हती, तसबिरीने केली होती. पुढे मी स्वतः धर्मशिक्षणाचे वर्ग घेऊ लागले आणि पहिली चार वर्षे मीही गोऱ्यात गोरी मुलगी हुडकून तिलाच मरिया केले. मला तसे कुणी सांगितले नव्हते, बोट आपोआप तिकडेच वळायचे. या पत्रातली सगळ्यांत जड तक्रार ती आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे. बाकीच्या तक्रारी आपल्यासाठी.

गेली अकरा वर्षे आमच्या वर्गांत अठरा चित्रांचा एक संच फिरत होता. आम्ही काही शिक्षकांनीच जमवलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा फाटलेला. त्यात इथिओपियातली मरिया होती, कोरियातला येशू होता, मेक्सिकोची ग्वादालूपे माता होती, इटलीतल्या रावेन्नाचे तीन राजे होते. आपल्या परिपत्रकाने तो संच बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या चोवीस छापील तक्त्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच येशू आणि एकच मरिया आहे. मधाच्या रंगाचे केस, काचेसारखी त्वचा, जिथे सावली पडायला हवी तिथेही उजेड. परिपत्रकात तीन कारणे दिली आहेत. निरनिराळे चेहरे पाहून मुलांचा गोंधळ होतो, पवित्र व्यक्तींना परक्या वेषात दाखवल्याने भक्तिभाव उणावतो, आणि नवा चेहरा 'परंपरेला धरून' आहे. जुने संच महिनाअखेर परत करावेत, अशी शेवटी सूचना आहे.

सुरुवात तिसऱ्या कारणापासून करते, कारण बाकीची दोन त्याच्याच खांद्यावर उभी आहेत.

परंपरा म्हणता ती कोणती? येशूचे जीवन सांगणारी बायबलातली चारही शुभवर्तमाने वाचून काढा, येशूच्या चेहऱ्याविषयी एक ओळ सापडत नाही. उंची नाही, रंग नाही, दाढी होती की नव्हती तेही नाही. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे येशूच असे आपण मानतो, आणि तिथे तर त्याला पाहत राहावे असे रूपच नव्हते असे म्हटले आहे. येशूच्या ज्या अगदी जुन्या प्रतिमा आज हाती आहेत, त्यांतली एक सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावातली. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एका साध्या घराचे प्रार्थनागृह केले होते, त्याच्या भिंतीवरची. पक्षाघाती माणसाला बरे करणारा येशू त्यात तरुण आहे, आखूड केसांचा, बिनदाढीचा. इसवी सन २५६ च्या सुमारास शहराला वेढा पडला, तटाच्या बळकटीसाठी ते घर मातीने भरून टाकले गेले आणि त्या मातीनेच चित्र जपले. आज आपल्या तक्त्याशेजारी ते ठेवले तर कुठलेही मूल त्याला येशू म्हणून ओळखणार नाही. मग परंपरेला सोडून कोण, ते चित्र की आपला तक्ता?

लांब केस आणि दाढी नंतर रुळली. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरिनच्या मठात सहाव्या शतकातली एक ख्रिस्तप्रतिमा आहे. तिच्या चेहऱ्याचे दोन अर्धे सारखे नाहीत. एक बाजू शांत, दुसरी कठोर. झाकून एकेक बाजू पाहिली तर दोन वेगळी माणसे दिसतात. त्या चित्रकाराला एकाच चेहऱ्यातसुद्धा एकच चेहरा पुरला नव्हता. आमच्या संचातले ते सातवे चित्र होते आणि मुलांना तो झाकाझाकीचा खेळ फार आवडायचा.

पिकत आलेल्या हेझलनटच्या रंगाचे केस, मधोमध भांग, दुभंगलेली दाढी, हे वर्णन मात्र खरोखर एका कागदावर सापडते. लेंटुलस नावाच्या रोमी अधिकाऱ्याने येशूला पाहून लिहिलेले म्हणून मध्ययुगात युरोपभर फिरलेले ते पत्र. ते बनावट आहे. पंधराव्या शतकातच लोरेन्झो व्हाल्ला या विद्वानाने तसे बजावले होते. पण तोवर चित्रकारांनी ते उचलले होते आणि चित्रे काही परत घेता येत नाहीत. त्याच्या बऱ्याच नंतर, १९४० मध्ये, शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने येशूचे एक मस्तकचित्र रंगवले. मंद उजेड, तांबूस लांब केस, नजर वर. महायुद्धात अमेरिकी सैनिकांना त्याच्या खिशात मावतील अशा प्रती वाटल्या गेल्या आणि पुढे पन्नास कोटींहून अधिक प्रती निघाल्या. आपण ज्याला परंपरा म्हणतो आहोत ती बरीचशी त्या छपाईची आहे. माझ्या आजीच्या वयाची. नव्या तक्त्यांवरचा चेहरा संगणकाने घडवला आहे असे ऐकते. तसे असेल तर नवल नाही. जो चेहरा सगळ्यांत जास्त वेळा छापला गेला तोच त्याच्याकडून परत येणार.

आता परक्या वेषाबद्दल. इथे मला आपल्याशी भांडणच आहे, कारण हा शब्द आपण फक्त एका बाजूच्या चित्रांना लावता.

पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्समधल्या, चित्रकाराने १५६६ मध्ये बेथलेहेमची शिरगणती रंगवली. बेथलेहेम कुठे आहे त्या चित्रात? गुडघाभर बर्फ, गोठलेले तळे, त्यावर घसरत खेळणारी पोरे, खाणावळीसमोर डुक्कर कापणारी माणसे, आणि भिंतीवर त्या काळच्या हाब्सबुर्ग राजांचे चिन्ह. गर्दीत गाढवावर बसलेली मरिया शोधावी लागते. ती एका फ्लेमिश खेड्यातली थकलेली गरोदर बाई आहे. हे चित्र पाहून कोणी वेषांतर म्हणत नाही. त्याला महान ख्रिस्ती कला म्हणतात, आणि ती आहेच. इटलीतल्या चित्रांत मरिया फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरात बसते, तिच्यामागे टस्कनीच्या टेकड्या दिसतात. तेही चालते. पण इथिओपियाच्या चित्रकाराने तिला आपल्या लोकांसारखे मोठे, बदामी डोळे दिले, की आपल्या परिपत्रकाला एकदम वेष दिसू लागतो. प्रत्येकाने तिला आपल्या घरी नेले. एकाचे घर जगाचे घर म्हणून छापले गेले, एवढाच फरक.

इथिओपियाचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबते, कारण त्या चित्रांनी माझ्या वर्गात सर्वांत जास्त काम केले. तिथे चौथ्या शतकापासून ख्रिस्ती राज्य होते. पंधराव्या शतकात सम्राट झरा याकोबने मरियेची भक्ती देशभर रुजवली आणि फ्रे सेयोन नावाच्या चित्रकार साधूने तिची चित्रे रंगवली. त्या परंपरेत सज्जन आणि दुर्जन ओळखायची एक खूण आहे. सज्जन समोरून दाखवतात, दोन्ही डोळे तुमच्यावर रोखलेले. सैतान, छळ करणारे शिपाई, विश्वासघातकी माणसे एका बाजूने दाखवतात, एकच डोळा. खूण डोळ्यांची, त्वचेच्या रंगाची नाही. ही खूण एकदा सांगितली की मुले चित्रावर तुटून पडत. एका मुलाने विचारले होते, म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या यहुदाला शेवटच्या भोजनात दुसरा डोळा कधीच मिळत नाही का? मला उत्तर आले नाही. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गोंधळलेली मुले म्हणायचे का?

याउलट आपले नवे तक्ते मी जमिनीवर मांडून पाहिले. सावकाश, दोन वेळा. यहुदा येशूपेक्षा काळा आहे. हेरोद राजाचे शिपाई त्याहून काळे. येशूबरोबर क्रुसावर चढवलेल्या दोन चोरांपैकी डावीकडचा, टोमणे मारणारा, सगळ्यांत काळा, आणि उजवीकडचा, पश्चात्ताप करणारा, उजळ. एकाच वधस्तंभाच्या ओळीत, एकाच उन्हात. हे कोणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. ही माझी दुसरी तक्रार, आणि समितीने फक्त हीच वाचली तरी चालेल.

मेक्सिकोबद्दल थोडक्यात. १५३१ मध्ये, स्पॅनिश सत्ता येऊन दहाच वर्षे झाली असताना, तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगो नावाच्या मूलनिवासी माणसाला मरियेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे. ती त्याच्याशी त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली आणि त्याच्या अंगरख्यावर जी प्रतिमा उमटली तीच ग्वादालूपे माता, तिचा वर्ण सावळा आहे. लोक तिला लाडाने 'मोरेनिता', म्हणजे सावळी, म्हणतात. हुआन दिएगोला २००२ मध्ये पोपनी संत घोषित केले. कोरियात १९५२-५३ मध्ये, युद्ध चालू असताना, किम की-चांग या कर्णबधिर चित्रकाराने येशूचे जीवन तीस चित्रांत रंगवले. त्यात येशू जुन्या जोसेऑन राजवटीतल्या विद्वानासारखा उंच काळी टोपी घालतो आणि मरिया हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखात बसते. पेरूमध्ये कुस्कोच्या कॅथेड्रलात मार्कोस सापाताच्या चित्रात शेवटच्या भोजनाच्या ताटात अँडीज पर्वतात खातात तो कुई नावाचा गिनिपिग आहे. आमच्या वर्गात या चित्रावर हसू पिकायचे. पिकू दे. हसता हसता एका मुलीच्या लक्षात आले की ताटात काय असावे हे बायबलात नीट लिहिलेलेच नाही. मग सगळे पुस्तक उघडून शोधायला बसले. धर्मशिक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

'भक्तिभाव उणावतो' हा आक्षेप नवा नाही. आपल्याआधी पुष्कळ समित्यांनी तो घेतला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी रोमच्या सांता मारिया देल्ला स्काला या चर्चसाठी कॅरावाज्जो या इटालियन चित्रकाराने मरियेचा मृत्यू रंगवला. फुगलेले शरीर, उघडे पाय, लाल लुगडे, भोवती रडणारी गरीब माणसे. त्या चर्चच्या कार्मेलाइट पंथाच्या साधूंनी ते नाकारले. देवाची आई इतकी साधी, इतकी मेलेली कशी? चित्रकार रुबेन्सने मांटुआच्या ड्यूकला ते घ्यायला लावले. आज ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे आणि त्याच्यासमोर गुडघे टेकावेसे वाटणारी माणसे कमी नाहीत. आपल्या इथलेच उदाहरण घ्यायचे तर आंजेलो दा फोन्सेकांचे. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा वर्ण दिला, आणि गोव्यातल्या आपल्याच माणसांना ते रुचले नाही. ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आले आणि १९६७ मध्ये वारले तोवर रंगवत राहिले. आता त्यांची चित्रे गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत. हयातीत टीका आणि मागून काचेची पेटी, हा आपला जुना क्रम आहे.

मला यातले सर्वांत बोचते ते वेगळेच. कानांना जे केव्हाच दिले ते डोळ्यांना अजून मिळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले, दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. इंग्लंडातून आलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा, माणूस ओवीत बोलू लागला आणि कोणाचा भक्तिभाव उणावला नाही, लोकांनी ते पिढ्यान् पिढ्या वाचून घेतले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, अभंग लिहिले, आपण आजही ते टाळांवर गातो. म्हणजे गाताना तो माउली, आणि डोळे उघडले की भिंतीवर परक्या मुलखातला कोणी राजपुत्र. चारशे वर्षे झाली. डोळे कानांच्या इतके मागे का राहिले, याचे उत्तर चित्रे निवडणाऱ्यांनी द्यायला हवे.

आणि चर्चच्या आज्ञेचे म्हणाल, तर ती आपल्या बाजूने नाही. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ठरवले की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो. लाकूड, रंग, केसांची छटा यांना तो मान नाही. १६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आशियात जाणाऱ्या मिशनरींना लेखी बजावले होते की फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेण्यासारखा दुसरा वेडेपणा नाही, श्रद्धा न्या. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात, कलम १२३ मध्ये, चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही असे स्वच्छ म्हटले आहे. देखरेख करण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये तो बिशपांकडे दिलाच आहे. पण देखरेख करणे आणि एकच चेहरा सोडून बाकी सगळे फळीवर टाकणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

राहिला मुलांचा गोंधळ.

जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. माणसे ख्रिस्ती आहेत का हे तपासायला येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावत. लपून श्रद्धा जपणाऱ्या कुटुंबांना घरात मरियेची मूर्ती ठेवता येईना, म्हणून त्यांतल्या अनेकांनी कान्नोन या बौद्ध करुणादेवतेची मूर्ती ठेवली. चीनमध्ये बनलेली, पांढऱ्या चिनी मातीची, बहुधा मांडीवर मूल असलेली. तिच्यापुढे ते मरियेची प्रार्थना पुटपुटत. ना पाद्री, ना पुस्तक, ना तक्ता. अडीचशे वर्षे. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्या कानाशी सांगितले की आमची हृदये तुमच्यासारखीच आहेत, आणि विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? फादरांनी दाखवली. युरोपीय मूर्ती, त्या माणसांनी जन्मात न पाहिलेला चेहरा. त्यांनी ओळखली. मांडीवर बाळ आहे म्हणजे तीच, असे म्हणत हरखून गेली.

अडीच शतके दुसऱ्या देवीच्या चेहऱ्यात मरिया पाहणाऱ्यांचा गोंधळ झाला नाही. अठरा पुठ्ठ्यांनी आपल्या मुलांचा कसा होईल?

माझ्या बाजूच्या अडचणीही सांगते, नाहीतर आपण त्या काढालच. येशू कोरियन नव्हता, आफ्रिकी नव्हता, मराठीही नव्हता. तो गालील प्रांतातला यहुदी होता. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच सोनेरी केसांचा चेहरा मला अधिक खटकतो. त्याने सर्वांत आधी त्याचे यहुदीपण पुसले, आणि ते पुसल्यावर युरोपात यहुद्यांचे काय झाले हे सांगायला नको. मार्क शगालने १९३८ मध्ये रंगवलेल्या पांढऱ्या क्रुसारोहणात येशूच्या कमरेला यहुदी प्रार्थनेची शाल आहे आणि भोवती जळणारी घरे, पळणारी माणसे. ते चित्र आमच्या संचात नव्हते. ती आमची चूक.

दुसरी अडचण आणखी जवळची. 'आपला' येशू रंगवायचा म्हणजे कोणाचा आपला? भारतीय चित्रकारांनी पुष्कळदा त्याला भगवी वस्त्रे दिली, पद्मासनात बसवला, मरियेला वरच्या जातीच्या घरची शालीनता दिली. १९८० च्या दशकापासून दलित ईश्वरविज्ञान मांडणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, की परक्या राजपुत्राऐवजी ब्राह्मण संन्यासी आला तर आमच्या वाट्याला काय आले? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी आपल्याकडे जुना चेहरा काढून नवा एक चेहरा लावा असे मागतच नाही. एकटा कोणताही चेहरा भिंतीवर राहिला की तो नाटकात मरिया निवडू लागतो.

आणखी एक बारीक तक्रार. नव्या तक्त्यांवर चित्रकाराचे नाव नाही, देश नाही, साल नाही. जणू ही चित्रे आकाशातून पडली. मुलाला चित्राखाली 'फ्लँडर्स, १५६६' असे दिसले की त्याला आपोआप कळते की हे एका माणसाने, एका गावात बसून काढले आहे. ओळ काढून टाकली की चित्र छायाचित्र होते. परिपत्रक काढण्याआधी वर्ग घेणाऱ्या एकाही शिक्षकाला विचारले नाही, हे तर आहेच.

फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलमध्ये शतकानुशतके पूजली गेलेली काळी मरिया होती. अलीकडच्या दुरुस्तीत ती घासून पुन्हा गोरी केली गेली. तज्ज्ञ म्हणाले, मूळ रंग हाच, काळेपणा नंतरचा. असेलही. पण जी माणसे त्या काळ्या मुखाशी बोलत आली होती, ती आता आपली आई शोधत राहिली. निर्णय घेणाऱ्यांना रंगाचा थर दिसला, त्या थरावर साचलेली माणसे दिसली नाहीत. आपले परिपत्रक वाचून मला ती घासण्याची क्रिया आठवली.

मागण्या अशा.

परिपत्रकाची अंमलबजावणी थांबवावी आणि वर्ग घेणाऱ्या शिक्षकांसोबत एक बैठक घ्यावी. नवे तक्ते फेकून द्या असे मी म्हणत नाही. तेही एका काळाचे, एका जागचे चित्र म्हणून भिंतीवर राहू देत, इतरांच्या शेजारी.

प्रत्येक चित्राखाली चित्रकार, ठिकाण आणि काळ छापावा. माहीत नसेल तर 'अज्ञात' असे छापावे. संगणकाने घडवले असेल तर तसे छापावे.

संचात निदान एक चित्र असे असावे की येशू यहुदी आहे हे मुलाला सांगावे लागू नये.

शिपाई, चोर आणि यहुदा यांची कातडी येशूहून गडद दाखवणारे तक्ते मात्र मागे घ्यावेत. यावर चर्चेला जागा आहे असे मला वाटत नाही.

पुढच्या वर्षीच्या पुस्तकासाठी निदान चार चित्रे हाताने रंगवणाऱ्या माणसांकडून करवून घ्यावीत, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, आणि त्यांना मोबदला द्यावा. 'देवाचे काम आहे' असे सांगून फुकट करवून घेऊ नये. (हे आपल्याकडे फार होते.)

आणि नाटकातली मरिया चिठ्ठ्या टाकून निवडावी. आमच्या वर्गात गेली सहा वर्षे तसेच चालते. पहिल्या वर्षी चिठ्ठी निघाली त्या मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले होते, पावडर किती लावायची? दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीची चिठ्ठी निघाली, तेव्हा तिच्या आईने फक्त एवढेच विचारले की बाहुली घरची आणायची की तुम्ही देणार.

तीन राजांविषयी एक राहून गेले. बायबलात ते तीन होते असेही म्हटलेले नाही, भेटवस्तू तीन म्हणून राजे तीन. रावेन्नाच्या सहाव्या शतकातल्या भिंतीवर तिघेही पारशी म्हणजे इराणी पोशाखात आहेत, तुमान आणि टोकदार टोप्या घातलेले. त्यांच्यातला एक आफ्रिकी काळा, ही रीत युरोपातल्या चित्रांत पंधराव्या शतकापासून रुळली. अशी आख्यायिका आहे की ६१४ मध्ये इराणी फौजा पॅलेस्टाइनमधली चर्चे पाडत बेथलेहेमला पोहोचल्या, तेव्हा जन्मस्थानाच्या चर्चवर आपल्याच पेहरावातली माणसे बाळापुढे वाकलेली त्यांना दिसली, आणि त्यांनी ते चर्च सोडून दिले. सात वर्षे तिसरा राजा झाले, पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तिशी उलटल्यावर कळली.

जुना संच मी परत केलेला नाही. तो माझ्याकडे आहे, अठराही चित्रे, त्यांतल्या चौथ्याचा कोपरा उंदराने खाल्लेला. समितीने मला एक तास द्यावा. मी संच घेऊन येईन, एकेक पुठ्ठा टेबलावर ठेवीन आणि मुले काय विचारतात ते सांगेन. त्यानंतरही तो जप्त करायचा असेल तर तिथेच ठेवून घ्यावा. वेळ आणि वार कळवावा, शनिवारी मात्र माझा वर्ग असतो.

आपली,
एक धर्मशिक्षिका